बाळंतिणीचं पाणी

गेल्या आठवड्यात सासूबाईंचा फोन आला. येताना डिंक, अळीव आणि खारीक घेऊन या, कळंबच्या बाजारात चांगलं मिळतं, असं त्या म्हणाल्या. धाकटीला, माझ्या मेव्हणीला, आठवा लागलाय, तिच्या बाळंतपणाचं सामान. मी बरं म्हटलं आणि मुलांच्या वह्या तपासायला बसलो. एकच वही बराच वेळ माझ्यासमोर उघडी राहिली.

माझी बायको बाळंतपणाला सासूबाईंच्याच घरी गेली होती, तिथल्या बंद खोलीत. मुलगी झाल्यावर थोड्याच दिवसांत तिच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली, आणि पुढं दवाखान्यातच ती वारली. तिशीसुद्धा आली नव्हती. दवाखान्यात पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी मला एक गोष्ट सांगितली. ती मी सासूबाईंना आजवर सांगितलेली नाही. सांगावी तर त्या बाईचं उरलेलं आयुष्य त्या एका वाक्याखाली जाईल. न सांगावी तर दुसरी मुलगी तशाच बंद खोलीत, त्याच बाजेवर निजेल. मी शाळेत मराठी शिकवतो. बोलताना माझी वाक्यं अर्धी राहतात, लिहिताना थोडं धड सुचतं, म्हणून आधी लिहून बघतो आहे.

तिचं माहेर ईट गावाजवळचं. डांबरी रस्ता सोडून आत वळलं की ज्वारीच्या रानांमधून दिसणारं गाव. सासरे ती कॉलेजात असतानाच गेले होते. घरात सासूबाई आणि माझी मेव्हणी, दोघीच. बाळंतपण आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या दवाखान्यात नीट पार पडलं आणि मायलेकींना घरी आणलं. मला थांबायचं होतं, पण जावयानं बाळंतिणीच्या घरी फार दिवस राहणं बरं दिसत नाही. मी कळंबला परतलो आणि सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवर जाऊन येऊ लागलो.

खोलीची एकुलती खिडकी पोत्यानं झाकलेली असायची. बाजेखाली शेगडीत गोवऱ्यांचा विस्तव, त्यावर टाकलेल्या ओव्याचा आणि शेपाचा वास. बाहेर ऊन तापायला लागलं होतं आणि आत ती कानांवरून घट्ट फडकं बांधून पडलेली. खाण्यापिण्याची आबाळ नव्हती. डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, वर तूप. पाणी तेवढं बेतानं. जेवल्यावर ओवा घालून उकळलेलं पेलाभर, आणि मध्येच फार घसा सुकला तर घोटभर. जास्त पाणी प्यायलं की बाळंतिणीचं पोट सुटतं, दुधातून बाळाला सर्दी होते, असं आमच्या भागात बहुतेक घरांत मानतात. माझ्या आईचं बाळंतपण असंच झालं होतं. सासूबाईंनी दोन्ही लेकींच्या वेळी हेच सोसलं होतं. त्या पहाटे उठून तिचं अंग चोळून द्यायच्या, कढत पाण्यानं न्हाऊ घालायच्या, स्वतः मात्र उभ्याउभ्या शिळं खायच्या. हे सगळं मायेनंच चाललेलं होतं, हे मी इथं मुद्दाम लिहितो.

त्या रविवारी मी गेलो तेव्हा तिचे ओठ फुटले होते.

"अहो, मला वाळवणाला घातलंय ह्या दोघींनी," ती म्हणाली. "कुरडया वाळल्या की मला पण डब्यात भरून ठेवतील."

सासूबाई बाहेरून ओरडल्या, "जावईबापूंच्या म्होरं काय बी बोलत जाऊ नगं."

"खरं तेच बोलतीय."

"लई बोललं की तहान लागती. गप पड."

आम्ही सगळेच हसलो. मेव्हणी तर भिंतीला टेकून हसत होती. मग बायको हळू आवाजात मला म्हणाली, डोकं फार ठणकतंय, काल रात्रीपासून डोळ्यांपुढं पाणी हलल्यासारखं दिसतंय. सासूबाईंनी ऐकलं, सुंठ उगाळून कपाळावर लेप दिला आणि फडकं आणखी आवळलं. वारं लागलं असेल, त्या म्हणाल्या. जागरणानं होत असेल असं मला वाटलं. चार वाजता मी निघालो. निघताना ती म्हणाली, पुढच्या वेळी एखादं पुस्तक आणा, इथं भिंत वाचून संपली.

दोन दिवसांनी मी वर्गात असताना मेव्हणीचा फोन आला. "दाजी, ताईचा हात हलंना. तोंड वाकडं झालंय. झटका आला होता मघाशी."

तोवर घरात शेजारपाजारच्या बाया जमल्या होत्या. बाळंतिणीला बाहेरचं लागलं असं कुणी म्हणालं, कुणी अंगारा आणला. सासूबाई त्यांचं ऐकत होत्या. मेव्हणीनं कुणाचंच ऐकलं नाही. गावातली जीप दारात आणून उभी केली आणि बहिणीला उचलून आत घातलं. मी कळंबहून निघालो आणि येरमाळ्याच्या फाट्यावर त्यांच्या जीपमध्ये बसलो. तिचं डोकं सासूबाईंच्या मांडीवर होतं. कपाळावर अंगारा, कान अजून बांधलेले. मला बघून ती काहीतरी म्हणाली. तो आवाज तिचा होता, पण त्यात शब्द नव्हता. धाराशिवपर्यंत ती तेच म्हणत राहिली आणि मी हो, हो म्हणत राहिलो. ती काय म्हणत होती ते मला कधीच कळणार नाही. त्या 'हो'ची मला अजूनही भीती वाटते. कशाला हो म्हणालो, कुणास ठाऊक.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गाठ झाली आहे, त्यामुळं आत सूज आली आहे, म्हणाले. मग विचारलं, डोकं कधीपासून दुखत होतं, आणि पाणी कसं पीत होत्या. मी खोलीतलं सगळं सांगितलं.

"बाळंतपणानंतर रक्त तसंही लवकर गोठतं," ते म्हणाले. "त्यात अंगात पाणी कमी असलं की गाठ व्हायला निमित्त मिळतं. पाण्यानंच झालं असं मी म्हणणार नाही. दुसरी कारणं असतात, कधी कधी सापडतही नाहीत. पण अशा बाया आमच्याकडं येतात आणि दर वेळी हे विचारावं लागतं. घरी सांगा सगळ्यांना."

बाहेर बाकावर सासूबाई नातीला मांडीवर घेऊन वाटी-चमच्यानं दूध पाजत होत्या. बाळाच्या हनुवटीवरून ओघळलेलं दूध पदरानं टिपत त्यांनी विचारलं, "काय म्हणले डाक्टर?"

"डोक्यात रक्ताची गाठ झालीय."

"कशानं?"

"होतं म्हणे कधी कधी."

त्या बाळाला खांद्यावर घेऊन पाठ थोपटत राहिल्या. त्या वेळी एवढंच सांगावं असं मला वाटलं. नंतर सांगू, ती बरी होऊन घरी आल्यावर सांगू.

पुढचे दिवस आठवतात तेव्हा आधी आवाज आठवतो. गिळताना पाणी श्वासनळीत जाऊ शकतं म्हणून तिच्या तोंडानं काहीही द्यायचं नाही, असं सांगितलेलं होतं. नाकातून नळी घातलेली, हाताला सलाईन. अंगाला पाणी मिळत होतं, पण तोंड कोरडंच. तिची जीभ टाळूला चिकटायची आणि सुटताना बारीक चट् असा आवाज यायचा. नर्स ओला कापूस ओठांवरून फिरवायची. ती डाव्या हातानं तो कापूस धरून ठेवायची, चोखायला बघायची.

सासूबाईंना ते बघवत नसे. "एक घोट द्या ओ बाई, लेकराचं तोंड वाळून गेलंय."

"आजी, सांगितलं ना, ठसका लागला तर छातीत जाईल."

"चमचाभर."

"चमचाभर पण नाही."

त्या मला हाताला धरून बाजूला न्यायच्या. "तुमी शिकल्यालं हाव, तुमचं ऐकतील. तुमी सांगा त्यांना." ज्या बाईनं घरी घोट घोट मोजून दिला होता, ती आता एका घोटासाठी नर्सच्या पाया पडायला निघाली होती. डॉक्टरांचं वाक्य तेव्हा माझ्या अगदी ओठावर आलेलं असायचं. मी म्हणायचो, "मामी, जरा बसा. त्यांना कळतं."

माणूस आजाऱ्यापाशी बसून काय करतो, असं पूर्वी मला वाटायचं. पुष्कळ करावं लागतं. उजवा हात उशीवर ठेवायचा, तो अंगाखाली येऊ द्यायचा नाही. ठरावीक वेळानं कुशीवर वळवायचं. बोटं एकेक करून उघडायची आणि मिटायची. ती बोटं ऊबदार होती, नखांत हळद होती, आणि ती माझ्या हातात असताना तिची नव्हती. डावा हात मात्र सारखा काहीतरी शोधायचा. कधी माझा अंगठा धरायचा, कधी नाकातली नळी ओढायचा. दूध उतरून तिची छाती दगडासारखी व्हायची, तेव्हा सासूबाई पडदा ओढून पिळून काढायच्या. आत तिचं कण्हणं आणि सासूबाईंचं पुटपुटणं ऐकू यायचं. जरा थांब गं माझे बाय, झालंच बघ.

मी पुस्तक नेलं होतं, तिनं मागितलं होतं म्हणून. वाचायला लागलो की ती डोळे मिटून घ्यायची. शब्द तिच्यापर्यंत पोचत होते की नुसता आवाज, डॉक्टरांनाही नक्की सांगता येईना. एकदा मी पुस्तक ठेवून वर्गातली गोष्ट सांगितली. एका मुलानं निबंधात लिहिलं होतं की आमचे सर इतके हळू बोलतात की आम्हाला झोपेत सुद्धा अभ्यास होतो. तिच्या तोंडाची डावी बाजू वर गेली. हसलीच ती. तेवढ्यावर मी दिवस काढला.

मग एके सकाळी गिळायची तपासणी झाली आणि पातळ पाणी नको, पण दाटसर पेज चमच्यानं देऊन बघा, असं सांगितलं. डोकं पुढं झुकवून, एक चमचा गिळल्यावरच दुसरा. पहिला चमचा आईच्या हातानं जावा असं मलाच वाटलं. सासूबाईंनी हात दोनदा धुतले. स्टुलावर बसून चमचा तिच्या ओठांपाशी नेला. तिनं तोंड उघडलं नाही.

"खा गं. पेज हाय. मीठ घातलंय."

ती छताकडं बघत राहिली. चमचा ओठांना लागला तशी तिनं मान डावीकडं वळवली, माझ्याकडं. पेज तिच्या गळ्यावर सांडली. सासूबाईंनी ती पुसली, परत चमचा नेला, परत तसंच. मग वाटी माझ्या हातात दिली. मी दिलेला चमचा तिनं घेतला, गिळला, आणि दुसऱ्यासाठी तोंड उघडलं.

सासूबाई उठून भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "माझ्या हातचं घेत न्हाय ती," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी ते ऐकलं. "मावशी, तुम्ही उजवीकडं बसला होता. त्यांना उजव्या बाजूचं दिसतच नाही नीट. चमचा कुठून आला ते कळत नसेल. या बाजूला या." त्यांनी स्टूल उचलून डावीकडं ठेवलं.

सासूबाई बिचकतच बसल्या. ती आईकडं बघत राहिली, खूप वेळ बघितलं तिनं. मग तोंड उघडलं. पेज संपेपर्यंत सासूबाई रडत होत्या आणि भरवत होत्या. मध्येच मला म्हणाल्या, "मला वाटलं, माझ्यावर रागावली."

"कशाला रागवेल?"

त्यांनी वाटीच्या कडेला चमचा निपटून शेवटचा घास दिला.

त्या दिवशी आम्ही तिघं, मेव्हणी धरून, दवाखान्याच्या दारात उभं राहून चहा प्यायलो. आता उठून बसतीय बघा, सासूबाई म्हणाल्या. मेव्हणी म्हणाली, बसली की पहिल्यांदा आपल्यालाच शिव्या घालेल, केसांचं काय करून ठेवलंय म्हणून. मी मनातल्या मनात घर बदलत होतो. खालच्या मजल्यावरचं घर, भिंतीला धरायला दांडी.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला पुन्हा झटके आले. डोक्यात रक्तस्राव झाला होता. तिला आतल्या खोलीत नेलं, यंत्रावर ठेवलं, आणि तिथून ती परत आली नाही. याच्या पलीकडं त्याबद्दल मला लिहिता येत नाही. बऱ्याचदा प्रयत्न केला.

मेव्हणी लग्न होऊन सासरी गेली, मुलगी सासूबाईंपाशीच वाढते आहे. मी रविवारी जातो. कळंबच्या घरात मी एकटा, आणि तो आवाज. वाचनाच्या तासाला सगळी मुलं खाली माना घालून वाचत असतात, वर्ग शांत असतो, आणि मागच्या बाकावरून चट् असा आवाज येतो. कुणीतरी पान उलटायला बोट ओलं केलेलं असतं. मी दाराकडं बघतो. कधी वर्गातल्या मुलींपैकी एखादी पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारते, तेव्हा तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी जा म्हणतो. मुलं हसतात. सरांच्या तासाला पाणी मागितलं की मिळतंच, हे त्यांनी ओळखलं आहे.

इथवर लिहून झालं होतं. त्यानंतरचा रविवार आला. डिंक, अळीव, खारीक घेऊन मी गेलो. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. सामानाच्या पिशवीची गाठ सोडून त्यांनी डिंक तळहातावर घेऊन बघितला, चांगला आहे म्हणाल्या. मुलगी अंगणात कोंबड्यांच्या मागं पळत होती. लिहिलेलं सगळं मला पाठ होतं. त्यातलं एकही वाक्य कामाला आलं नाही.

"मामी," मी म्हटलं, "डॉक्टर तेव्हा म्हणाले होते की बाळंतिणीला पाणी कमी पडलं की रक्त गोठतं. तेवढ्यानंच होतं असं नाही. पण आता धाकटीच्या वेळी..."

"मला ठाव हाय," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दवाखान्यातच कळलं. नर्सबाईनं इचारलं, घरी पाणी देत नव्हता का. म्या म्हणलं, बेतानं. तिनं माझ्याकडं बघितलं. तवाच कळलं." त्या डिंकाचे खडे परत पिशवीत टाकत होत्या. "तुमी कधी बोलताव ह्याची वाट बघत हुते. दर रविवारी. तुमी यायचं, च्या प्यायचा, लेकरू खेळवायचं अन् जायचं. मला वाटायचं, माणूस बोलत न्हाय म्हंजी आत काईतरी ठिवलंय ह्यानं."

"तुम्हाला त्रास नको म्हणून नाही बोललो."

"मग त्रास झाला न्हाय का?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होत्या. इतके दिवस मी त्यांना सांभाळतो आहे असं समजत होतो, आणि त्या माझ्या समोर बसून शिक्षा भोगत होत्या.

पिशवीला परत गाठ मारून त्या म्हणाल्या, "हे सामान तिच्या सासरी धाडायचंय. बाळंतपण तिकडंच करा म्हणून सांगितलंय म्या. माझ्या हातचं नगं."

"तिला काय सांगितलं?"

"गुडघं दुखत्यात म्हणलं."

"पटलं तिला?"

"रडली फोनवर."

मुलगी येऊन त्यांच्या गळ्यात पडली, कोंबडी चावली म्हणून तक्रार केली आणि परत पळाली. त्यांनी तिच्या मागून बघितलं. पंधरा वर्षं मी मुलांना आपलं म्हणणं थोडक्यात मांडा म्हणून शिकवतो आहे. मी एवढंच म्हणालो, "मामी, तिला इथं आणा. तुम्हीच करा."

"आन् पाणी?"

"मागेल तेवढं द्यायचं."

"ती बी मागायची," सासूबाई म्हणाल्या.

ऊन ओट्यावर सरकत आलं होतं. त्यांनी पदर डोक्यावर ओढला. मग आत जाऊन मोबाईल आणला आणि माझ्या हातात दिला. "तुमीच सांगा. माझं खरं वाटायचं न्हाय तिला."

मी फोन लावला. मेव्हणीला म्हणालो, बाळंतपणाला इकडंच ये, मामी तयार आहेत. तिनं मग विचारलं, "आई तिथंच आहे का, दाजी?"

"आहे."

"तिला द्या."

मी फोन सासूबाईंच्या कानाला लावला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. सासूबाई बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "व्हय. देईन."